नवापूरच्या किनाऱ्यावरील उतारा

परगांवीं जावयाचें म्हणजे उतरावयाचें कोणाकडे, हा प्रश्न आपल्या घरांतून पूर्वीं फारसा पडत नसे. नात्याचें, ओळखीचें, निदान ओळखीच्या ओळखीचें एखादें घर प्रत्येक गांवीं असेच. आणि नसलें तर देवळाची ओवरी होती, धर्मशाळा होती. पैसे मोजून राहण्याची जागा ती व्यापाऱ्यांची व कोर्टकचेरीच्या कामासाठीं आलेल्यांची, असा समज होता. मुंबईच्या सरदारगृहासारख्या एखाद्या जागेस मात्र त्यांतून सूट मिळाली होती. तेथें लोकमान्य उतरत असत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांनीं देह ठेवला तोही तेथेंच. त्यामुळें त्या वास्तूविषयीं हलकें बोलण्याची कोणाची छाती नव्हती. आतां तो काळ राहिला नाहीं. मामा-मावशांचीं घरें दोन खोल्यांचीं झालीं, त्यांच्याकडे दहा माणसांनीं जाऊन पथाऱ्या पसरणें शोभत नाहीं, आणि खरें बोलावयाचें तर त्यांनाही तें नकोसें झालें आहे. तेव्हां सहकुटुंब चार दिवस समुद्रावर काढावयाचे तर उतारा विकतच घेतला पाहिजे, आणि तो आपल्या खिशास सोसेल असा शोधला पाहिजे.

आमच्या घरांत तीन भावांचीं कुटुंबें व अठ्ठ्याहत्तराव्या वर्षांत पदार्पण केलेल्या आत्याबाई मिळून अकरा माणसें आहेत. अलीबागचे दर ऐकून आम्ही मागें फिरलों. केळव्यास सुट्टीच्या दिवशीं पाय ठेवावयास जागा नसते. एका स्नेह्यानें बोईसरजवळील नवापूरचें नांव सुचविलें. नवापूर म्हणतांच वाचकांनीं नंदुरबार जिल्ह्यांतील, ज्याच्या रेल्वे-स्टेशनाच्या मधूनच गुजराथ-महाराष्ट्राची सीमा जाते तें गांव डोळ्यांपुढें आणूं नये. हें नवापूर पालघर जिल्ह्यांत, अगदीं समुद्राच्या कांठावर आहे. उत्तरेस दांडी-उच्छेळी, दक्षिणेस आलेवाडी, नांदगांव, मुरबे, आणि त्यापलीकडे पापलेटांसाठीं प्रसिद्ध असलेली सातपाटी, अशी ही मच्छीमार गांवांची माळ आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघर येथें मोर्चावर गोळीबार होऊन जे पांच वीर पडले, ते सातपाटी, नांदगांव, मुरबे, सालवड व खुद्द पालघर येथले होते. इकडे येणाऱ्यानें पालघरच्या हुतात्मा चौकांत घटकाभर थांबून पुढें यावें.

बोईसर मुंबईहून सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे. २०१३ सालापासून उपनगरी गाड्या विरारच्या पुढें डहाणूपर्यंत जाऊं लागल्यामुळें येथें पोंचणें स्वस्त झालें. आम्ही संध्याकाळच्या गाडीनें निघालों, आणि वृद्ध माणूस बरोबर असल्यामुळें पहिली रात्र बोईसरलाच स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्यें काढली. त्या लॉजचें नांव घेण्याचें कारण नाहीं. पाणी रात्रीं दहाला गेलें तें पहांटे पांचाला आलें, आणि मधल्या वेळीं बादल्या कोणी भरून ठेवावयाच्या यावर नोकर व व्यवस्थापक यांचा वाद आम्हीं जिन्यांत उभे राहून ऐकला. तरीही त्या एका रात्रींत बोईसरचें जें दर्शन झालें तें दिवसा झालें नसतें.

हें गांव मुळांत उतारूंचेंच झालेलें आहे. भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं तारापूरला चालू झालें. पुढें सत्तरच्या दशकांत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढत गेली. रसायनें, औषधें, रंग, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. आणि त्यांच्यामागून माणसें आलीं. यंत्र बसविण्यास आलेला पुण्याचा जोडारी, नमुन्याची पेटी घेऊन हिंडणारा विक्रेता, कारखान्याची तपासणी करण्यास आलेला कोणी अधिकारी, आणि तिघांनीं मिळून एक खोली महिन्यानें घेतलेले बिहारकडचे तरुण, असे सर्व त्या एका लांबट ओसरीवर भेटले. तरुणांपैकीं एकाची रात्रपाळी होती. तो गेला कीं दुसरा त्याच्या खाटेवर निजावयाचा. अंथरूण थंड पडूं द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा हिशेब. सहलीला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना 'स्वस्त उतारा' हा चार दिवसांचा खेळ असतो. या मुलांचें तें घर आहे. खालीं वहींत प्रत्येकाचें नांव, गांव, ओळखपत्राचा आंकडा लिहून घेतला जातो. १८६७ सालीं इंग्रज सरकारनें सराईंचा कायदा केला, तेव्हांपासून उतारूंची नोंद हा विषय पोलिसांच्या नजरेखालीं आहे. आणि अणुवीजकेंद्राच्या शेजारीं ती नजर अधिक तीक्ष्ण असावी यांत नवल नाहीं. वाचकांनीं घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाचें ओळखपत्र बरोबर ठेवावें. आत्याबाईंचें नव्हतें, त्यांच्या वयाकडे पाहून व्यवस्थापकानें हात जोडले.

सकाळीं दोन रिक्षा करून आम्ही नवापूरास गेलों. वसाहतीच्या अंगास असलेल्या कोलवडे-कुंभवलीकडची हवा, मग भातखाचरें, मग ताडाचीं झाडें, आणि एकाएकीं सुरूची रांग व तिच्यामागें पाणी, अशी ती सात-आठ किलोमीटरांची वाट. दहा-बारा मिनिटांच्या अंतरानें दोन निरनिराळीं जगें एकमेकांस टेकून कशीं उभीं आहेत हें पहावयाचें असेल तर याहून सोयीची जागा मिळणार नाहीं.

आमचा उतारा म्हणजे एका मांगेला कुटुंबाचें घर. खालीं तीं माणसें राहतात, आणि गच्चीवर पत्रे घालून केलेल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. तीन खोल्यांचे मिळून रोजचे चोवीसशें रुपये, जेवण निराळें. खाटा लोखंडी, गाद्या कापसाच्या, मच्छरदाण्या स्वच्छ धुतलेल्या, न्हाणीघर एक, पाणी तापविण्यास अंगणांत बंब. गिझर नाहीं, थंड हवेचें यंत्र नाहीं. आणि मार्गशीर्षांत त्याची गरजही नाहीं. विहिरीचें पाणी मचूळ असल्यामुळें पिण्याचें पाणी निराळें भरून ठेवलेलें. दारापुढें बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते. त्या वासाविषयीं येथें स्पष्ट लिहिणें बरें. पहिला तासभर तो नाकांत भरतो, दुपारपर्यंत तो कमी झाल्यासारखा वाटतो, आणि दुसऱ्या दिवशीं आपण तो विसरतों. ज्यांना विसरणें जमणार नाहीं त्यांनीं मच्छीमार गांवांत उतरण्याच्या भरीस पडूं नये. दुसऱ्याच्या पोटाच्या धंद्यापुढें नाकाला पदर लावून चार दिवस काढणें हें पाहुणेपण नव्हे.

घरमालकीण पन्नाशीच्या आंतबाहेरची. आपसांत त्यांची बोली निराळी. आमच्याशीं बोलतांना ती शाळेंतली मराठी बोले. आमच्या धाकट्या सुनेनें तिला 'ताई' म्हणण्यास आरंभ केला, आणि तिनें आत्याबाईंना पहिल्यापासून 'आजी' म्हटलें. जेवणाची वेळ झाली तेव्हां तिनें कपाटांतून स्टीलचीं कोरीं भांडीं काढलीं. ताटें, वाट्या, दोन पातेलीं. सर्व कागदांत गुंडाळलेलीं. आम्हीं विचारतां ती सहज म्हणाली, "शाकाहारी लोकांसाठीं वेगळीं ठेवलीं आहेत. मागें पुण्याचे पाहुणे आले होते, त्यांनीं विचारलें, या भांड्यांत मासळी शिजते का. मग मींच आणलीं. विचारायची वेळ कोणावर यायला नको." तिच्या बोलण्यांत रागाचा लेश नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

आत्याबाई जुन्या वळणाच्या. घरीं त्यांचें सोवळें अजून खुंटीवर असतें, आणि या प्रवासासाठीं त्यांनीं तीन दिवस पुरेल एवढे दशम्यांचे व चटणीचे डबे आणले होते. आम्हीं सर्वांनीं मिळून त्या डब्यांचा बचाव कसा करावयाचा हें आधींच ठरविलें होतें. त्या कोऱ्या भांड्यांकडे त्यांनीं बराच वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, "हीं परत गुंडाळून ठेव, बाई. मासळी मी खाणार नाहीं, तें माझें व्रत आहे. पण आमटी तुझ्या चुलीवरच्या पातेल्यांत झाली असेल तर त्यांतलीच वाढ. घासलेल्या पातेल्याला काय झालें आहे?" घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. थोरल्या वहिनींनीं दशम्यांचा डबा हळूच खाटेखालीं सारला. दुसऱ्या दिवशीं आत्याबाई त्या माउलीच्या स्वयंपाकघरांत पाटावर बसून वालपापडी निवडीत होत्या. त्या संध्याकाळीं उकडहंडी झाली. पापडी, रताळीं, कोनफळ, वांगीं हें सर्व मसाला भरून मडक्यांत वाफवलेलें. हा वाडवळ मंडळींचा थंडींतला पदार्थ या सर्व किनाऱ्यावर आतां आपला झाला आहे. त्याची कृति आमच्या घरांतील बायकांनीं लिहून आणली आहे, पण त्या म्हणतात कीं मडकें व ती पापडी येथें मिळाल्याखेरीज लिहिण्याचा उपयोग नाहीं.

समुद्राविषयीं एक उपयुक्त गोष्ट सांगतों. हा किनारा फार सपाट आहे. ओहोटीस पाणी पुष्कळ दूर जातें, मागें चिखलमिश्रित वाळू राहते, आणि भरती चढूं लागली म्हणजे ती पाठीमागच्या सखल भागांतून आधीं भरते. मुलांना घेऊन दूर गेलेल्या माणसाची तेथें फसगत होते. भरतीची वेळ पंचांगावरून काढतां येते, हें आपल्या पुष्कळ घरांतून विसरलें गेलें आहे. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा वाजतां, एकादशीस सव्वाआठास, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. आणि तेथून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईकडील किनाऱ्याचा, आणि स्थलपरत्वें थोडा पुढेंमागें होणारा. पण सावध राहण्यास पुरेसा आहे. आम्ही गेलों ती शुद्ध अष्टमी होती. मुलांनीं गणित केलें, आणि सहाच्या ठोक्याला सुरूच्या मुळांशीं पाणी आलेलें पाहून तीं इतकीं हरखलीं कीं घरीं परतल्यावरही कालनिर्णय भिंतीवरून काढून हिशेब करीत होतीं.

आतां जी गोष्ट टाळून या गांवाविषयीं लिहितां येणार नाहीं तिच्याकडे वळतों. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील सांडपाणी सामायिक शुद्धीकरण केंद्रांतून नळानें नवापूरच्या समुद्रांत सोडलें जातें. जुन्या केंद्राची शक्ति दिवसाला अडीच कोटि लिटरांची होती, आणि कारखान्यांतून येणारें पाणी तिच्याहून अधिक. मग उरलेल्या पाण्याचें काय होत असे हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. खाडींतील मासळी मरते, जाळीं खराब होतात, अशी मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षें चालली होती. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्यें न्यायाधिकरणानें निकाल देऊन नियम मोडणारे कारखाने व शुद्धीकरण केंद्र यांवर भरपाईची रक्कम बसविली. सहा वर्षें नेटानें खटला चालविणें हें होड्या व जाळ्यांवर पोट असलेल्या लोकांना सोपें गेलें नसेल.

आमच्या घरमालकिणीला आम्हीं याविषयीं विचारलें. तिनें दिलेलें उत्तर कोर्टाच्या निकालांत सांपडणार नाहीं. तिचा नवरा होडीवर जातो. मासळी पूर्वीसारखी जवळ मिळत नाहीं, दूर जावें लागतें, डिझेल अधिक जळतें. म्हणून गच्चीवर खोल्या काढल्या. थोरला मुलगा वसाहतींतल्या एका कारखान्यांत कायम झाला आहे, त्याच्या पगारावर त्या खोल्यांचें कर्ज फिटतें. "समुद्र घाण झाला तर पाहुणे येणार नाहींत, आणि कारखाना बंद झाला तर हप्ता जाणार नाहीं. आम्ही कोणाच्या बाजूनें बोलायचें, तुम्हीच सांगा." आम्ही अकरा माणसें, त्यांत तिघे पदवीधर व एक वकील, पण कोणासही उत्तर सुचलें नाहीं. मुलगा तेवढ्यांत पाळीवरून परत आला, आणि ती जेवण वाढावयास उठून गेली.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त दोन वर्षें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगलच्या डाकार शहरीं होता. स्वस्त उतारगृहास तेथें फ्रेंचांच्या रीतीनें 'ओबेर्ज' म्हणतात. घर मिळेपर्यंत तो महिनाभर अशा एका जागीं राहिला होता. नवापूरची गच्ची पाहून तो हंसूं लागला. मच्छरदाणी, बादली, दारांत बसलेली मालकीण, आणि वाऱ्यावर सुकत्या मासळीचा वास, सर्व तेंच, असें त्याचें म्हणणें. फरक एवढाच कीं तेथें जाण्यापूर्वीं पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला जवळ बाळगावा लागतो, आणि सुम्बेदियूनच्या चौपाटीवरच्या होड्या आपल्या होड्यांहून फार भडक रंगविलेल्या असतात. त्याच्याकडून व मागाहून वाचनांतून कळलेल्या दोन हकिगती येथें देण्यासारख्या आहेत.

सेनेगलला लागून असलेल्या गांबिया या चिमुकल्या देशांत गुंजूर नांवाचें मच्छीमार गांव आहे. तेथें मासळीची पूड करण्याचा परकी कारखाना निघाला, आणि २०१७ सालीं गांवालगतच्या सरोवराचें पाणी तांबडें झालें. पुढल्या वर्षीं गांवकऱ्यांनीं समुद्रांत गेलेला कारखान्याचा नळ हातांनीं उकरून काढला. आमच्या नवापूरकरांनीं कोर्टाची वाट धरली. तिकडे कुदळी धरल्या. पाण्याचा रंग मात्र दोन्हीकडे आधीं बायकांच्या लक्षांत आला असावा, कारण किनाऱ्यावर दिवसभर असतात त्या बायकाच.

दुसरी हकिगत अधिक गोड आहे. सेनेगलच्याच दक्षिण भागांत, कासामान्स नदीच्या मुखाकडे, १९७० नंतरच्या दशकांत गांवांनीं सामायिक उतारगृहें बांधलीं. मातीच्या भिंती, गवताचें छप्पर, गांवच्याच घरांचा घाट. चालविणारे गांवकरी, आणि नफा गांवच्या शाळेकडे व दवाखान्याकडे. १९८२ पासून त्या प्रांतांत फुटीरतेचा झगडा पेटला आणि प्रवासी आटले, हें त्या प्रयोगाचें दुर्दैव. पण कल्पना आपल्याकडे रुजण्यास हरकत नव्हती. आपल्या राज्याची न्याहारी व निवास ही योजना आहे, आणि मालकानें स्वतः त्याच घरांत राहिलें पाहिजे ही तींतील अट फार शहाणपणाची आहे. परंतु ती एकेका घराची योजना झाली. सातपाटीच्या मच्छीमारांनीं सहकारी संस्था काढून मासळीचा व्यापार स्वतःच्या हातीं आणला. तसाच दांडीपासून मुरब्यापर्यंतच्या गांवांनीं मिळून उताऱ्यांचा व्यवहार केला तर दर ठरतील, कचऱ्याची सोय होईल, आणि समुद्राच्या पाण्याविषयीं बोलावयास मच्छीमारांच्या जोडीला दुसरा एक धंदा उभा राहील. वाढवणला मोठें बंदर होऊं घातलें आहे; त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली. त्या कामाच्या निमित्तानें या किनाऱ्यावर उतारू वाढतील यांत शंका नाहीं. ते मच्छीमारांच्या गच्चीवर उतरतील कीं बाहेरच्या भांडवलदारांच्या चार मजली इमारतींत, हें ठरण्याची वेळ आतांच आहे.

घासाघिशीविषयीं दोन शब्द. आमच्यापैकीं एकानें पहिल्या दिवशीं चोवीसशेंचे दोन हजार करण्याचा प्रयत्न केला, आणि ताई तयारही झाल्या. रात्रीं थोरल्या भावानें जमाखर्च मांडून दाखविला. मच्छरदाण्या धुणें, पिण्याचें पाणी विकत आणणें, बंबाचें सरपण, चादरी. हें वजा जातां त्या बाईच्या हातीं जें उरतें त्यांतून चारशें काढणें आम्हां अकरा जणांत प्रत्येकीं चाळीस रुपयेही भरत नव्हतें. मग तो विषय निघाला नाहीं. वस्तूच्या दुकानांत घासाघीस करावी. घरांत करूं नये, असें आमचें मत झालें आहे. उलट, न्हाणीघर एकच, तर त्याच्या वेळा आधीं ठरवून घेणें, जेवणाऱ्यांचा आंकडा आदल्या रात्रीं सांगणें, आणि शाकाहाराची गरज फोनवरच सांगून ठेवणें, हें सर्व उतारूनें करण्यासारखें आहे.

चौथ्या दिवशीं मोक्षदा एकादशी होती. निघण्याच्या गडबडींत फराळाचें कोणाच्याच ध्यानीं राहिलें नाहीं. ताईंनीं मात्र उकडलेलीं रताळीं फडक्यांत बांधून आत्याबाईंच्या हातीं दिलीं, आणि त्याचे पैसे घेतले नाहींत. त्यांचें व्रतवैकल्यांचें ज्ञान कोठून आलें असें विचारतां म्हणाल्या, "आमच्यांतही एकादशी असते, आजी."

जाणाऱ्यांसाठीं सांगावयाचें तें एवढेंच. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. जून व जुलैंत होड्या बंद असतात, वारा खोल्यांवरचे पत्रे वाजवितो, आणि समुद्र पाहण्याजोगा असला तरी जवळ जाण्याजोगा नसतो. वैशाखांत ताडगोळे मिळतात, पण पत्र्याखालीं दुपार काढवत नाहीं. बोईसरहून एस. टी. आहे, रिक्षाही मिळतात. रात्रीं नवानंतर दोन्हींचा भरंवसा धरूं नये. अणुवीजकेंद्राच्या बाजूस कॅमेरा काढूं नये. आणि फोन करावयाचा तो सकाळीं किंवा दिवेलागणीनंतर करावा. दुपारीं त्या घरांतील बायका बोंबील उलटावयास मांडवाखालीं असतात, आणि फोन घरांत वाजत राहतो.